कसोटी न खेळलेला कर्णधार : प्रा. दि. ब. देवधर

रणजी करंडकाच्या १९४०-४१च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्र आणि मुंबई हे दोन संघ समोरासमोर आले. महाराष्ट्राने प्रथम फलंदाजी करून ६७५ धावांचा डोंगर उभा केला आणि त्यातल्या २४६ धावा पन्नाशीला टेकलेल्या एका संस्कृतच्या प्राध्यापकाच्या होत्या. मुंबईने हार मानली नाही. खंडू रांगणेकरांनी द्विशतक ठोकले, धावफलक ६००च्या पुढे सरकला, आणि अखेर मुंबईचा डाव ६५० धावांवर आटोपला. पहिल्या डावातील अवघ्या २५ धावांच्या आघाडीने बलाढ्य मुंबई स्पर्धेबाहेर फेकली गेली. त्या प्राध्यापकांचे नाव दिनकर बळवंत देवधर. ते महाराष्ट्राचे कर्णधारही होते.

आजच्या पिढीला देवधर हे नाव एका करंडकापुरते ठाऊक असते. विभागीय संघांमधली मर्यादित षटकांची स्पर्धा, तिच्या निकालाच्या चार ओळी वृत्तपत्राच्या क्रीडापानावर तळाशी येत, आणि वाचक पुढच्या बातमीकडे वळत असे. करंडकाला ज्यांचे नाव दिले ते गृहस्थ कोण होते, त्यांनी भारतासाठी एकही अधिकृत कसोटी न खेळता हा मान कसा मिळवला, याची चौकशी फारशी कोणी करत नाही.

देवधरांचा जन्म पुण्यात १४ जानेवारी १८९२ रोजी झाला. ते पुणे टिळकांचे, गणेशोत्सवाचे आणि लवकरच प्लेगचे पुणे होते. देवधर पाच वर्षांचे असताना, १८९७ मध्ये, प्लेगच्या साथीने शहर हादरले आणि त्याच वर्षी रँडच्या वधाने सारा देश ढवळून निघाला. लष्कर भागात गोऱ्या साहेबांचे क्रिकेट चालत होते आणि गावातली पोरे ते कुंपणाबाहेरून पाहत होती. इंग्रजांचा हा खेळ पुण्याच्या पेठांमध्ये शिरला तो असा पाहून पाहून. साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखणारे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकणारे पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले तरुण पुढे देशातले सर्वश्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज ठरले, हाही त्याच पुण्याचा इतिहास आहे.

१९११ हे वर्ष भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने मोठे. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच राहिली, पण बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी एकोणीस वर्षांचे देवधर हिंदू संघातून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागले. त्या काळी मुंबईत युरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्यात तिरंगी सामने होत. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि सामने चौरंगी झाले, १९३७ मध्ये ते पंचरंगी झाले. धर्मावर संघ पाडण्याची ही पद्धत आज विचित्र वाटते आणि त्या काळीही अनेकांना ती खुपत होती. परंतु रणजी करंडक सुरू होईपर्यंत हिंदुस्थानातल्या खेळाडूला नाव काढण्यासाठी दुसरी मोठी जागा नव्हती. हजारो प्रेक्षक जमत, कचेऱ्या ओस पडत आणि एका डावात माणूस प्रसिद्ध होई.

त्या हिंदू संघाच्या आत जे चालले होते तेही विसरता येण्यासारखे नाही. बाळूंसारख्या गोलंदाजाला कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० मध्ये नेतृत्वाच्या प्रश्नावर पालवणकर बंधूंना डावलल्यानंतर विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि मुंबईत त्यावर जाहीर वाद झाला. १९२३ मध्ये अखेर विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. देवधरांची उमेदीची वर्षे या वातावरणात गेली. गुणाला जातीच्या उंबरठ्यावर अडवणारी ती व्यवस्था होती, आणि उच्चवर्णीय पुणेकर तरुणाला त्या उंबरठ्याची ठेच लागत नव्हती, हे देवधरांचे चरित्र सांगताना नमूद केलेच पाहिजे. त्यांच्या वाट्याला आलेला अडथळा निराळा होता. तो वयाचा होता आणि काही प्रमाणात वर्गाचाही होता.

देवधर ना संस्थानिक होते, ना संस्थानिकाच्या पदरी होते. पुण्यात ज्या महाविद्यालयाला पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालय हे नाव मिळाले, तेथे ते संस्कृत शिकवीत. सकाळी कालिदास आणि पाणिनी, दुपारनंतर मैदान, असा हा संसार होता. त्या काळातल्या क्रिकेटपटूंची चरित्रे चाळली तर बहुतेकांच्या मागे एखादा महाराजा सापडतो. होळकर, पतियाळा, नवानगर, बडोदा या दरबारांनी खेळाडूंना हुद्दे दिले, घरे दिली, घोडे दिले. सी. के. नायडूंसारखा असामान्य खेळाडूही होळकरांच्या सैन्यातला अधिकारी होता. प्राध्यापकाच्या पगारावर क्रिकेट खेळणाऱ्याला वेळापत्रक सांभाळावे लागे आणि रजा मोजाव्या लागत. खेळातून पैसा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. असा माणूस पस्तीस वर्षांहून अधिक काळ प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये टिकून राहतो, यातच त्याच्या शिस्तीची कल्पना येते.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ हिंदुस्थानात आला. मॉरिस टेट, जॉर्ज गिअरी यांच्यासारखे कसोटी गोलंदाज त्यात होते. १ डिसेंबरला बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नायडूंनी ११६ मिनिटांत १५३ धावा कुटल्या आणि त्यात अकरा षटकार खेचले. त्या खेळीने हिंदुस्थानी क्रिकेटचा चेहरामोहरा बदलला असे म्हटले जाते आणि ते खरेच आहे. मात्र तिच्या लखलखाटात दुसरी एक खेळी झाकोळली गेली. त्याच महिन्यात, त्याच मैदानावर, अखिल भारतीय संघातर्फे देवधरांनी त्याच एमसीसीविरुद्ध १४८ धावा केल्या आणि संघाने पहिल्या डावात आघाडी घेतली. नायडूंची खेळी लोकांच्या डोळ्यांत भरली. देवधरांच्या खेळीने वेगळी गोष्ट सिद्ध केली. एका दुपारचा चमत्कार एवढ्यावर हिंदुस्थानी फलंदाजी संपत नव्हती. इंग्लंडच्या गोलंदाजीसमोर तासन्‌तास उभे राहून धावा जमवणारे फलंदाजही या देशात होते.

गिलिगन यांनी या दौऱ्यात जे पाहिले त्याने ते प्रभावित झाले. हिंदुस्थानने स्वतःचे नियामक मंडळ उभारावे असा आग्रह त्यांनी दिल्लीत धरला. ग्रँट गोव्हन, अँथनी डिमेलो आणि पतियाळाचे महाराज यांच्या खटपटीतून १९२८ च्या डिसेंबरात भारतीय क्रिकेट नियामक मंडळ अस्तित्वात आले. मंडळ झाले म्हणून कसोटी दर्जा मिळाला, आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला. या साखळीची एक कडी १९२६ च्या त्या दोन खेळींची आहे. त्यातल्या एका फलंदाजाने लॉर्ड्सवर भारताचे नेतृत्व केले. दुसरा इंग्लंडला गेलाच नाही.

१९३२ मध्ये देवधर चाळीस वर्षांचे होते. नायडू त्यांच्याहून जेमतेम पावणेचार वर्षांनी लहान. दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून पोरबंदरच्या महाराजांची आणि उपकर्णधार म्हणून लिंबडीच्या राजपुत्राची निवड झाली होती. क्रिकेटच्या निकषावर या निवडी कोणालाच पटण्याजोग्या नव्हत्या आणि प्रत्यक्ष कसोटीच्या दिवशी दोघांनीही बाहेर राहून नायडूंकडे सूत्रे दिली. महात्मा गांधींच्या अटकेच्या निषेधार्थ विजय मर्चंट, एल. पी. जय यांनी दौऱ्यावर जाण्याचे नाकारले होते, म्हणजे फलंदाजांची चणचण होतीच. तरीही चाळिशीचा प्राध्यापक निवड समितीच्या हिशेबात बसला नाही. पुढच्या वर्षी डग्लस जार्डिन यांचा संघ भारतात आला तेव्हाही देवधरांचे नाव संघात नव्हते. १९३६ च्या दौऱ्यात तर विजयनगरम्‌चे महाराजकुमार कर्णधार झाले आणि लाला अमरनाथ यांना शिस्तभंगाच्या नावाखाली दौऱ्यावरून परत पाठवण्यात आले. खेळ कोणाच्या हाती होता हे त्यावरून दिसते.

निवड समितीने देवधरांना वयस्क ठरवले, हा निर्णय त्या क्षणी अगदीच अवाजवी होता असे म्हणता येणार नाही. चाळिशीच्या फलंदाजाला इंग्लंडच्या थंड, ओल्या उन्हाळ्यात नेणे हा जुगारच होता. परंतु त्यानंतरची बारा वर्षे देवधरांनी जे केले ते पाहिले की हा जुगार खेळायला हवा होता असे वाटल्यावाचून राहत नाही.

१९३४ मध्ये सिमल्याच्या बैठकीत आंतरप्रांतीय स्पर्धेची कल्पना मांडली गेली, पतियाळाच्या महाराजांनी करंडक दिला आणि रणजी स्पर्धा सुरू झाली. या स्पर्धेत एक संघ महाराष्ट्र या नावाने उतरला. त्या वेळी या नावाचे राज्य नकाशावर नव्हते. ते यायला आणखी २६ वर्षे होती. मुंबईचा संघ वेगळा, नागपूर आणि वऱ्हाड मध्य प्रांतात, मराठवाडा निजामाच्या राज्यात. परभणीच्या एखाद्या मुलाला तेव्हा रणजी खेळायची असती तर त्याला हैदराबादचा रस्ता धरावा लागला असता, आणि हैदराबाद काही लेचापेचा संघ नव्हता. १९३७-३८ मध्ये अंतिम सामन्यात नवानगरला एका गड्याने हरवून त्याने करंडक जिंकला होता. पोलीस कारवाईनंतर, १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि १९६० चे महाराष्ट्र राज्य या टप्प्यांनी परभणी राजकीयदृष्ट्या महाराष्ट्रात आली, आणि क्रिकेटच्या नकाशावर ती पुण्याच्या संघटनेच्या पदराखाली आली. म्हणजे गोदाकाठच्या मुलाला आज जो संघ आपला वाटतो त्याची घडण ज्या काळात झाली, त्या काळात परभणी त्याची नव्हती.

तर असा हा संघ. पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर अशा गावांतून आलेली पोरे, मॅटिंगवर शिकलेली, मुंबईच्या जिमखान्यांतली बडदास्त ज्यांनी पाहिली नाही अशी. मुंबईच्या तुलनेत सगळेच तुटपुंजे. देवधरांचे मोठे काम येथे आहे. त्यांनी या मुलांतून संघ उभा केला. सांगलीचे विजय हजारे हे त्यातले सर्वांत मोठे नाव. अबोल स्वभावाच्या या तरुणाला देवासच्या महाराजांनी ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन मिळवून दिले, पण त्याचा दर्जा देशाला दिसला तो महाराष्ट्राच्या संघात. १९३९-४० च्या मोसमात बडोद्याविरुद्ध पुण्यात हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. रंगा सोहोनी नव्या चेंडूने गोलंदाजी करत आणि फलंदाजीतही मोठ्या खेळ्या करत. कमल भांडारकर सलामीला जात. सर्वांत तरुण सदू शिंदे. सतरा वर्षांच्या या लेगस्पिनरला देवधरांनी मुंबईविरुद्ध उतरवले आणि त्याच्याकडून पंचाहत्तरहून अधिक षटके टाकून घेतली. त्याने पाच बळी घेतले. मुंबईची फलंदाजी ६५० पर्यंत पोहोचत असताना कोवळ्या लेगस्पिनरच्या हातून चेंडू काढून न घेणे, त्याला मार बसत असतानाही त्याच्यावर भिस्त ठेवणे, हे काळजाचे काम आहे. कर्णधार वयाने त्या मुलाच्या जवळजवळ तिप्पट होता. वर्गात उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा उभे करणारा शिक्षक आणि हा कर्णधार यांत फार अंतर नसावे.

१९३९-४० मध्ये महाराष्ट्राने पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवले आणि करंडक प्रथमच पुण्यात आला. पुढच्या मोसमात तो राखला. मुंबईला त्या २५ धावांनी मागे टाकल्यानंतर अंतिम सामना मद्रासला होता. परक्या मैदानावर, परक्या प्रेक्षकांपुढे महाराष्ट्राने तो सहा गडी राखून जिंकला. सलग दोन वर्षे करंडक मिळवणारा याआधीचा संघ मुंबईच. दोन्ही वर्षी कर्णधार देवधर होते.

या यशाचे मोल कळायला पुढचा इतिहास पाहावा लागतो. हजारे लवकरच बडोद्याला गेले; संस्थानी नोकरीची ओढ तेव्हा कोणालाही टाळता येत नसे. संघाची ताकद कमी झाली. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या विश्वविक्रमापासून ते नऊ धावा दूर होते, आणि प्रतिपक्षाने सामना सोडून दिल्याने ते तिथेच थांबले. महाराष्ट्राच्या वाट्याला असे हुकलेले क्षण बरेच. १९७०-७१ मध्ये चंदू बोर्डे यांचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. मुंबईचे सारे मोठे खेळाडू वेस्ट इंडिजमध्ये होते, तरी मुंबईने ४८ धावांनी बाजी मारली. १९९२-९३ मध्ये पंजाबने आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटकने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला रोखले. देवधरांच्या त्या दोन करंडकांची उजळणी प्रत्येक वेळी झाली.

१९४१ नंतर देवधर निवृत्त झाले असते तर कोणी आक्षेप घेतला नसता. ते खेळत राहिले. १९४४ मध्ये नवानगरविरुद्धच्या रणजी सामन्यात त्यांनी पहिल्या डावात १०५ आणि दुसऱ्या डावात १४१ धावा केल्या. वय बावन्न वर्षे उलटून गेलेले. एका सामन्यात दोन शतके हा पराक्रम तिशीतल्या फलंदाजालाही दुर्मीळ, येथे तर तो अशा माणसाने केला की ज्याच्या वयाचे लोक निवृत्तीवेतनाचे हिशेब मांडत असतात. पहिल्या महायुद्धाआधी प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही खेळलेला खेळाडू जगात शोधून सापडतो. देवधर त्या मोजक्यांतले. एकूण ८१ प्रथम दर्जाच्या सामन्यांत ४,५२२ धावा, सरासरी ३९.३२, शतके नऊ. आजच्या आकड्यांच्या सवयीने ही बेरीज माफक वाटेल. पण ती ज्या काळातली आहे त्या काळात मोसमाला दोन-तीन सामनेच वाट्याला येत, आणि त्यांपैकी निम्मी कारकीर्द रणजी सुरू होण्याआधीची आहे.

मैदान सुटले तरी क्रिकेट सुटले नाही. देवधर राष्ट्रीय निवड समितीवर आले, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. आयुष्यातली ही दुसरी खेळी पहिलीइतकी चमकदार दिसत नाही, कारण तिचे धावफलक नसतात. तरीही तिचे महत्त्व कमी मानता येत नाही. मंडळाच्या प्रारंभीच्या अध्यक्षांची यादी पाहिली तर तिच्यात उद्योगपती आहेत, नवाब आहेत, महाराजे आहेत, राजकारणी आहेत. खेळाडू असला तर तो आधी राजा आणि मग खेळाडू. मध्यमवर्गातून आलेला, केवळ बॅटच्या बळावर नाव मिळवलेला माणूस त्या टेबलाशी बसला, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. माजी कसोटी कर्णधार सौरव गांगुली २०१९ मध्ये मंडळाचे अध्यक्ष झाले तेव्हा खेळाडूच्या हाती कारभार आल्याचे मोठे कौतुक झाले. देवधर ज्या पायरीवर पोहोचले होते ती यापेक्षा खालची होती, पण ते तेथे कितीतरी दशके आधी पोहोचले होते.

निवड समितीच्या खुर्चीत बसलेल्या देवधरांचे स्थान मोठे विलक्षण होते. १९३२ मध्ये वयाच्या हिशेबावर त्यांच्यासमोर दार बंद झाले होते आणि आता दुसऱ्यांच्या नावांवर काट मारण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. खेळाडू म्हणून जो निर्णय अन्यायाचा वाटतो तोच निवडकर्ता म्हणून कर्तव्याचा ठरतो. कसोटीची टोपी ज्याच्या डोक्यावर कधी आली नाही त्याने ती इतरांना वाटायची. या विसंगतीचा त्यांना किती त्रास झाला असेल याचा अंदाजच करावा. एवढे खरे की खेळाशी किंवा मंडळाशी त्यांनी उभा दावा मांडला नाही. ते लिहीत राहिले, सामने पाहत राहिले, तरुणांना शिकवत राहिले.

पुण्याच्या संघटनेचा कारभार हा तर सदैव ओढाताणीचा. मुंबईला जिमखाने होते, धनिक व्यापारी होते, पुढे स्वतःची स्टेडियम झाली. पुण्याला सामने भरवायचे तर पूना क्लब किंवा अन्य कोणाच्या मैदानावर जावे लागे. पुढे नेहरू स्टेडियम झाले तेही महापालिकेचे. संघटनेचे स्वतःचे भव्य स्टेडियम गहुंजे येथे २०१२ मध्ये खुले झाले, तेव्हा देवधरांना जाऊन जवळजवळ दोन दशके झाली होती. शिवाय महाराष्ट्राच्या संघटनेचा पसारा एका शहरापुरता नव्हता. कोल्हापूरपासून जळगावपर्यंत आणि राज्य पुनर्रचनेनंतर परभणी, नांदेडपर्यंत पसरलेले जिल्हे. एवढ्या प्रदेशातून गुणी मुलगा हुडकायचा तर त्याच्यापर्यंत कोणीतरी जायला हवे, अन्यथा त्याला पुण्याला यावे लागते. पुण्याबाहेरच्या मुलांना मिळणाऱ्या संधीबद्दलची तक्रार मराठवाड्याच्या मैदानांवर आजही ऐकू येते. देवधरांच्या काळातला महाराष्ट्र संघ मात्र छोट्या गावांतल्या खेळाडूंवरच उभा होता, हे त्या तक्रारीच्या संदर्भात मुद्दाम आठवण्यासारखे आहे. रणजी जिंकणाऱ्या त्या संघाचा आधारस्तंभ सांगलीचा होता.

घरातही खेळच होता. देवधरांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन या तिघीही बॅडमिंटनपटू. १९४० च्या दशकात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत देवधर भगिनींचा दबदबा होता आणि एकेरी, दुहेरीची विजेतेपदे त्यांनी घरात आणली. मुलींनी नऊवारी सावरून चूल सांभाळावी अशी अपेक्षा बहुसंख्य घरांत असतानाच्या काळात एका प्राध्यापकाच्या तीन मुली रॅकेट घेऊन देशभर खेळायला जातात, हे बापाच्या संमतीशिवाय शक्य नव्हते. क्रिकेटच्या इतिहासात ही गोष्ट तळटीपेसारखी येते. खरे तर देवधरांच्या कर्तृत्वात तिला तळटीपेहून मोठी जागा मिळायला हवी. आपल्याला ज्या वयाने रोखले तेच कारण पुढे करून लेकींचे खेळणे लवकर थांबवणारे बाप त्या पिढीत घरोघरी होते.

सरकारने १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. १९७३-७४ मध्ये नियामक मंडळाने विभागीय संघांसाठी मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू केली आणि तिला देवधरांचे नाव दिले. पहिला करंडक दक्षिण विभागाने जिंकला. तेव्हा देवधर ऐंशी ओलांडलेले होते. तासन्‌तास खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्या फलंदाजाचे नाव झटपट क्रिकेटच्या करंडकाला मिळावे ही थोडी गंमत आहे. पण जिवंतपणी आपल्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा पाहण्याचे भाग्य किती जणांना लाभते? देवधर ती पुढची वीस वर्षे पाहत होते. मर्यादित षटकांचा हा प्रकार भारतात तेव्हा नवखा होता. त्याला गांभीर्याने कोणी घेत नव्हते. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, भारताने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. ज्या मैदानावर १९३२ मध्ये देवधर असायला हवे होते, त्याच मैदानावर.

१९९१ मध्ये पद्मभूषण आले. १४ जानेवारी १९९२ रोजी देवधरांनी वयाचे शतक पूर्ण केले. बॅटने नऊ शतके झळकावणाऱ्याचे हे दहावे शतक असे त्या वेळी वृत्तपत्रांतून कौतुकाने म्हटले गेले असल्यास नवल नाही. असा शब्दखेळ टाळणे कोणाही बातमीदाराला जडच गेले असते. शंभरी गाठणारे प्रथम दर्जाचे भारतीय क्रिकेटपटू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. देवधरांनंतर वसंत रायजी आणि रघुनाथ चांदोरकर यांनी २०२० मध्ये शंभरी गाठली. दोघेही देवधरांनी रणजी गाजवली त्याच पिढीच्या आसपास खेळत होते.

१९९२-९३ च्या मोसमात महाराष्ट्राचा संघ दोन दशकांनी पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. सामना लुधियानात होता. करंडक पंजाबने नेला. महाराष्ट्राला करंडक जिंकून देणारा कर्णधार तेव्हा पुण्यात होता, वयाची एकशे एक वर्षे त्याने पूर्ण केली होती, आणि १९४१ नंतरचा तिसरा करंडक त्याच्या हयातीत यावा ही अपेक्षा त्या मोसमाबरोबर संपली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी देवधरांचे निधन झाले.

तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, टपाल खात्याने क्रिकेटपटूंवर तिकिटे काढली. नायडू, मर्चंट, विनू मंकड आणि देवधर. चौघांपैकी तिघे कसोटीपटू, चौथे अर्थातच नव्हते. त्यांच्या नावाची स्पर्धा २०१९-२० नंतर काही मोसम भरलीच नाही आणि २०२३ मध्ये पुदुच्चेरीत ती पुन्हा खेळवली गेली तेव्हा करंडक, पहिल्या वर्षीप्रमाणेच, दक्षिण विभागाने नेला.